गाळलेली ओळ

एकदा एका पंपांच्या व्यापाऱ्याला दुकानात नवी फोनयंत्रणा हवीशी वाटली. उन्हाळ्यात गावोगावचे पंप बंद पडत. दुकानात फोन एकच आणि तो घेणाऱ्या हेमलताबाईही एकच. व्यापाऱ्याने टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींना गाठले. गुरुजींनी आपला शिष्य पाठवला.

शिष्य हुशार होता आणि हे त्याला कोणी सांगण्याची गरज नसे. जगभरच्या अनोळखी माणसांनी लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेले सॉफ्टवेअर त्याने घेतले आणि दुकानातल्या जुन्या संगणकावर बसवले. महिन्याभरात ‘विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा’ असे यंत्र नम्रपणे बोलू लागले. त्या दुकानात इतके नम्र आजवर कोणी बोलले नव्हते.

यंत्रणा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, तरी व्यापाऱ्याने हेमलताबाईंना बोलावून घेतले होते. गुरुजी आले. त्यांनी बसवलेले सगळे नवे फोन वाजवून पाहिले, मान डोलावली आणि शिष्याकडून त्याची टिपणवही मागून घेतली. मग संगणकासमोर बसून शिष्याने केलेले सर्व काम शांतपणे पुसून टाकले.

व्यापारी ताडकन उठला. “अहो गुरुजी, आत्ता तर चांगलं बोलत होतं! उद्या सकाळी शंभर लोक फोन करतील, त्यांना काय सांगू?”

“उद्याला अवकाश आहे.” गुरुजींनी वही हेमलताबाईंपुढे सरकवली. “बाई, यात लिहिलंय तसं करत जा. आणि तू रे, हाताची घडी घालून उभा राहा.”

“मी? मला मिक्सरबरोबर आलेलं पुस्तकसुद्धा कळत नाही!” बाई म्हणाल्या.

“ते कुणालाच कळत नाही. हे वाचा.”

बाई ओळीवर बोट ठेवून एकेक पायरी करत गेल्या. दुपारपर्यंत फोन वाजू लागला. व्यापाऱ्याने बाहेर रस्त्यावर जाऊन मोबाईलवरून फोन लावला आणि “हॅलो, हॅलो” असा घसा ताणला.

बाईंनी दारातून डोके काढले. “शेठ, ओरडू नका. तुमचं मला नीट ऐकू येतंय. माझंच तुमच्यापर्यंत पोचत नाही.”

गुरुजींनी शिष्याकडे पाहिले. “वहीत काही राहिलंय?”

“एक ओळ... गडबडीत राहिली असेल.”

“बाकी दोनशे ओळींत तुझा स्वल्पविरामसुद्धा राहिलेला नाही.”

शिष्याने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, “सगळंच लिहून दिलं, तर उद्या मला कोण बोलावणार, गुरुजी? घरात कमावता मी एकटा आहे.”

व्यापाऱ्याने तोंड उघडले. गुरुजींनी त्याला हातानेच थांबवले.

“तुझी भीती खोटी नाही,” ते म्हणाले. “आमच्या खात्यात एक गृहस्थ होते. तारांच्या एका पेटीतली जोडणी त्यांनाच ठाऊक. कुणाला दाखवली नाही. मुलीच्या लग्नात पेटी बिघडली म्हणून त्यांना मांडवातून उठवून नेलं, तेव्हा त्यांना केवढा अभिमान वाटला! ते निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत खात्याने ती पेटीच उपटून टाकली. अडलेला माणूस बोलावतो खरा, पण सुटायची वाट बघत बोलावतो. आणि तुला हे बांधता आलं ते कशामुळे? कुठल्याशा परक्याने स्वतःच्या चुकासुद्धा लिहून ठेवल्या म्हणून. त्याने अशी एक ओळ गाळली असती, तर तू इथे काय बसवलं असतंस?”

शिष्याने खुर्ची ओढली. संगणकाला हात न लावता त्याने वहीत ती ओळ लिहिली. बाईंनी ती वाचली, “हे कशासाठी?” असे विचारले, आणि त्याने सांगितलेले कारण समासात आपल्या अक्षरात टिपले. मग त्यांनी स्वतःच ती दुरुस्ती केली. व्यापारी पुन्हा रस्त्यावर गेला. या वेळी तो ओरडला नाही. ऐकत उभा राहिला.

शिष्य निघाला तेव्हा बाईंनी त्याला थांबवले. “अहो, या वहीवर तुमचं नाव कुठेच नाही. घाला ना. उद्या कुणी विचारलं, हे कुणी केलं, तर सांगता आलं पाहिजे.”

शिष्याने पहिल्या पानावर नाव लिहिले. अक्षर वहीतल्या बाकी अक्षरापेक्षा जरा बरे आले.