शिंपलीच्या शंखातली वाळू

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा कोण राजा होता, ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. आणि मोठ्यांनो, मध्येच उठून जाऊ नका, कारण ही गोष्ट खरं तर तुमच्यासाठी आहे.

समुद्राकाठी शंखकारांचं एक गाव होतं. समुद्रातून शंख काढायचे, आतली वाळू धुवायची, टोक कापायचं, ते घासूनपुसून गुळगुळीत करायचे आणि राजाच्या देवळांना पाठवायचे, हेच घरोघरी काम. घासताना पांढरी भुकटी उडे. ती अंगणात, भाकरीवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा बसे. त्यामुळे गावात सगळेच खोकत. खोकला ऐकून तिथे कुणी मान वर करत नसे.

गावाला अभिमान होता तो छातीतल्या दमाचा. मूल चार वर्षांचं झालं, की नारळी पौर्णिमेला त्याला किनाऱ्यावर न्यायचं आणि त्याच्या हातात छोटा शंख द्यायचा. शंख वाजला, की नारळ फुटायचा आणि आईबाप ताठ मानेने घरी यायचे. नाही वाजला, तर सगळा किनारा हसायचा.

या गावात धाकू नावाचा शंखकार होता. त्याच्यासारखा कान गावात दुसऱ्याचा नव्हता. शंख हातात घेऊन तो बोटाच्या पेराने ठोकून बघे. टण्ण वाजला, तर शंख मोकळा. ठस्स वाजला, तर आत कुठेतरी वाळू बसलेली. मग असला शंख तो बाजूला काढून ठेवी. धाकूची बायको भागी, आणि त्यांची एकुलती एक लेक शिंपली.

शिंपली पाळण्यात होती तेव्हापासूनच भरभर श्वास घ्यायची. मग खोकला लागला. भागी तिला वैद्यबुवांकडे घेऊन गेली. वैद्यबुवा भला माणूस. त्यांच्या अडुळशाच्या काढ्याने आणि ओव्याच्या शेकाने गावातली किती मुलं बरी झाली होती, त्याला गणती नाही.

"भुकटीचा खोकला गं," ते म्हणाले. "काढा दे. उतरेल."

आणि उतरलाही! काही दिवस बरे गेले, मग खोकला परत आला. पुन्हा काढा, पुन्हा उतार, पुन्हा खोकला. दर वेळी वैद्यबुवा म्हणत, "बघ, पडला की नाही उतार?" आणि भागीला मान डोलवावी लागे, कारण उतार खरंच पडलेला असे.

पण आईचे डोळे ते आईचे डोळे. एक दिवस तिने वैद्यबुवांना धरलंच.

"बुवा, हा खोकला तसला नाही. पोर आडवी झोपत नाही, बसल्या बसल्या डुलक्या घेते. श्वास घेताना तिच्या छातीची उजवी बाजू हलते, डावी हलतच नाही. तुम्ही हात लावून बघा ना!"

वैद्यबुवांना आपल्या गुरूंचं एक बोलणं आठवलं. गुरू म्हणाले होते, क्वचित, अगदी क्वचित, तान्ह्या मुलाच्या फुप्फुसात गाठ धरते. पण वैद्यबुवांचे केस पिकले तरी त्यांनी तसलं मूल एकदाही पाहिलं नव्हतं. ती गाठ नेमकी आपल्याच गावात कशाला येईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि हात पुढे केलाच नाही.

"पहिलटकरीण आहेस, म्हणून जीव घाबरतो," ते म्हणाले. "काढ्यात मध घाल."

वैद्यबुवांचा राग येतो ना? मलाही येतो. पण जरा थांबा, बापाचंही ऐका.

शिंपली चार वर्षांची झाली आणि पौर्णिमा जवळ आली. धाकूला वाटलं, पोरीची छाती कमजोर आहे, तर तिला दम लावायला शिकवावं. शंखकाराच्या डोक्यात दुसरं काय येणार! रोज सकाळी तो तिच्या हातात छोटा शंख द्यायचा.

"फुंक, बये. जोरात फुंक. छाती मोकळी होईल."

ती फुंकायची. चेहरा लालबुंद व्हायचा, ओठ निळसर पडायचे आणि शंखातून नुसतं फुस्स निघायचं. शेजारची पोरं कुंपणावर बसून खिदळायची.

"बाबा, या शंखात वाळू आहे," ती एकदा म्हणाली.

धाकूने शंख घेतला, ठोकला. टण्ण. मग स्वतः फुंकला. आवाज खाडीपलीकडे गेला.

"कुठे आहे गं वाळू?"

शिंपलीने विचार केला. "मग माझ्यात असेल," ती म्हणाली.

धाकू खो खो हसला. ती गंमत त्याने गावभर सांगितली आणि गावही हसलं.

पौर्णिमेच्या दिवशी शिंपली किनाऱ्यावर उभी राहिली. तिने तोंडाला शंख लावला, एकदा फुंकलं, दुसऱ्यांदा फुंकलं. लोक हसायला लागले होते, तोच ती गुडघ्यांवर कोसळली. धाकूने धावत जाऊन तिला खांद्यावर घेतलं. तिला थोपटताना कामाच्या सवयीने त्याची बोटं तिच्या पाठीवर वाजली.

उजवीकडे टण्ण. डावीकडे ठस्स.

त्याने परत ठोकून पाहिलं. तेच. उभ्या जन्मात त्याने हजारो शंख ठोकून पाहिले होते आणि पोटच्या पोरीची पाठ एकदाही नाही.

"होडी काढा!" तो ओरडला. वैद्यबुवाही होडीत चढले.

खाडीपलीकडे राजधानीत एक म्हातारी शल्यवैद्या होती. दुर्मीळ दुखणी तिच्याकडे येत. तिने शिंपलीच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"गाठ आहे," ती म्हणाली. "आधी नुसता हवेचा फुगा असतो. तेव्हा आणली असतीत, तर मी तो कापून काढला असता. आता त्याचा दगड झालाय. पोरीची अर्धी छाती त्याने दाबून धरलीय."

भागीने तिचे पाय धरले. "आई, आमचं काय चुकलं? ती भुकटी? की मी गरोदरपणी काही खाल्लं?"

"नाही गं बाळे. गाठीत तुझा दोष नाही, भुकटीचा नाही, कुणाच्या दृष्टीचाही नाही. ती गर्भातूनच येते. दोष गाठीत नाही, उशिरात आहे."

वैद्यबुवा मान खाली घालून म्हणाले, "मला गुरूंनी सांगितलं होतं."

"मग तुम्ही हात का नाही लावला?" म्हातारीने विचारलं.

म्हातारीने आपली सगळी विद्या पणाला लावली, पण शिंपली वाचली नाही. ती आईच्या मांडीवर बसल्या बसल्याच गेली. तिला आडवं होता येत नव्हतं ना. छोटा शंख तिच्या मुठीत होता. तो सोडवून घेताना धाकू लहान मुलासारखा रडला.

मंडळी परत निघाली, तेव्हा म्हातारी भागीला म्हणाली, "पुढे कधी मूल झालं, तर खोकल्याची वाट बघू नकोस. हे दुखणं कधी कधी भावंडातही असतं."

दोन-तीन पावसाळ्यांनी भागीला मुलगा झाला. पहिलं मूल गेलेलं, म्हणून दृष्ट लागू नये असं त्याचं नाव ठेवलं, कवडू. बारशाचे पाहुणे अजून घरात होते, तेव्हाच वैद्यबुवा आले. त्यांनी बाळाच्या उघड्या छातीला आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने कान लावला. त्यांना खात्री वाटेना. पूर्वी खात्री नसली की ते काढा देत. या वेळी त्यांनी बाळाला आपल्या उपरण्यात गुंडाळलं आणि होडी गाठली.

फुगा होता. बोराएवढा. म्हातारीने तो काढला आणि कवडू जगला.

त्याच्या बरगडीखाली व्रण राहिला आणि त्याला शंख कधीच धड वाजवता आला नाही. पण आता त्या किनाऱ्यावर कुणी हसत नाही. पौर्णिमेला आधी थोरली माणसं वाळूत बसतात, एकेका मुलाच्या पाठीला कान लावतात, आणि मगच शंख हातात देतात. धाकूने मात्र शिंपली गेली त्या दिवसापासून शंख तोंडाला लावला नाही.

कवडूला एकदा फडताळात तो छोटा शंख सापडला. त्याने तो हलवून पाहिला.

"बाबा, ताईच्या शंखात वाळू होती?"

"नाही रे," धाकू म्हणाला. "ती खरं सांगत होती. मी हसलो."

बोध : शंभर मुलांना झालं तेच आपल्या मुलाला झालंय असं धरून बसू नका, मूल स्वतः काय सांगतंय, ते वेळेवर ऐका.