जोड बदलून द्या, आण्णा

“चापट मारलीस, आन् त्यानं सोडलं न्हाई?”

“न्हाई, आण्णा. एक मारली, दुसरी मारली. तिसरीला सोडलं. तवर माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकले.”

वस्ताद शिदगोंडा आण्णा तालमीतल्या कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. सकाळची मेहनत उरकून सगळे गडी घरी गेले होते. मागं राहिला होता एकटा बिरदेव.

बिरदेव आणि सर्जेराव ही तालमीतली अकरा वर्षांची जोड. सरावाला हा त्याच्याशी, तो ह्याच्याशी, तिसरा कुणी मध्ये नाही. आणि सरावाचा कायदा एकच. मान पकडीत सापडली की माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्यानं समोरच्याच्या मांडीवर चापट मारायची. चापट बसली की त्याच क्षणी हात सोडायचा, मग जोडीदार कितीही रंगात आलेला असो. या एका चापटीच्या भरवशावर अकरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या हातात मान दिली होती.

यंदाच्या निवडणुकीत बिरदेव घागर चिन्हाच्या पक्षाचा झाला आणि सर्जेराव छत्रीच्या. आधी थट्टा झाली, मग टोमणे, मग शिव्या. महिनाभर दोघं एका तांब्यातलं पाणीही प्यायले नव्हते. जोड मात्र तीच होती. एक शब्द न बोलता हौदात उतरायचं, झटायचं आणि तोंड फिरवून निघून जायचं, असं चाललं होतं.

“आन् वर तोंड करून सर्जा म्हणतो, मला एकच ऐकू आली.”

“मग?”

“खोटं बोलतोय. परवा मतमोजणी हाय, आण्णा. घागर आली तर रागानं मोडंल माझी मान, छत्री आली तर मस्तीनं मोडंल. मला जोड बदलून द्या.”

कालपासून बिरदेवची मान वळत नव्हती, तर बायकोला त्यानं उशी वाकडी झाली म्हणून सांगितलं होतं. आपल्या दीडपट वजनाच्या पैलवानावर हसत धावून जाणारा गडी हा. आता तो जोड बदलून मागत होता.

“भ्यालास व्हय?”

“...भ्यालो.”

हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला.

आण्णा उठले. शहात्तर वर्षांचं शरीर, पण अजून सरळ. “हौदात उतर.”

“अंगावर पांढरी इजार हाय, आण्णा. कचेरीत जायचंय.”

“उतर.”

बिरदेव उतरला. आण्णा त्याच्यापुढं मातीत गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मान खाली घातली.

“सर्जानं धरली तशी धर.”

“तुमची? आण्णा, न्हाई...”

“धर म्हणतो न्हवं.”

बिरदेवनं दंड मानेभोवती घातला. मान वाळून बारीक झाली होती. तिच्यातली शीर त्याला आपल्या हाताखाली उडताना कळत होती. त्यानं पकड अगदी सैल ठेवली.

“आता इचार.”

“काय?”

“मी मत कुणाला दिलं ते.”

आण्णांचं मत गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही पक्षांची माणसं हार घेऊन दारात आली होती आणि चहा पिऊन परत गेली होती. बिरदेवच्या मनात मात्र शंका नव्हती. ज्यानं आपल्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो माणूस आपलाच असणार.

“कुणाला दिलं, आण्णा?”

“छत्रीला.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी आतापासूनच मिरवणुकीची हलगी वाजवून बघत होतं. बिरदेवला ती ऐकू आली. मग मांडीवर चापट बसली आणि त्यानं लगेच हात सोडला.

आण्णा एका अंगावर कोसळले.

त्यांचं तोंड काळंनिळं झालं होतं. ओठ हलत होते, पण घशातून आवाज येत नव्हता. बिरदेवला वाटलं, संपलं सगळं. त्यानं धावत जाऊन तांब्या आणला, त्यातलं निम्मं पाणी वाटेतच सांडलं. आण्णांच्या तोंडावर पाणी मारताना तो लहान मुलासारखा “आण्णा, आण्णा” करत होता.

बऱ्याच वेळानं त्यांना खोकला आला. ते हातावर जोर देऊन उठून बसले.

“किती मारल्या?” आवाज पार बसला होता.

“एक. मला एकच ऐकू आली, आण्णा, आन् म्या लगीच...”

तो बोलता बोलता थांबला.

मग त्याची नजर खाली गेली. पांढऱ्या इजारीवर गुडघ्याच्या वर तांबड्या मातीचा पंजा उठला होता. त्याच्या वर दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. आणि खाली चौथा, पुरता न बसलेला, नुसती बोटं ओढत गेलेली.

बिरदेवनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. त्याला त्या हातांची भीती वाटली. सर्जेरावची वाटली होती त्याहून कितीतरी जास्त.

हलगी लांब गेली. आण्णा मान चोळत होते. बिरदेवला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“आण्णा... खरंच छत्रीला दिलंत?”

  आण्णांनी पुढ्यातली विस्कटलेली माती तळव्यानं सारखी केली, ते पुन्हा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मान खाली घातली.

“जा, सर्जाला बोलवून आण,” ते म्हणाले. “मी घागरीला दिलं, असं सांगायचंय त्याला.”