जिताड्याची पिल्लं आणि न पोचलेलं पत्र

बाळांनो, कुणाला हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर तुम्ही काय समजता? त्याला ऐकू गेलं असं, की गेलं नाही असं?

खाडीकाठच्या एका गावात अकरा बायका होत्या. साऱ्या जन्मभर मिठागरावर मीठ ओढत आलेल्या. पायांना चिरा आणि डोळ्यांत खार, हेच त्यांचं आयुष्य. मग त्यांच्यातल्या कुंदाताईंनी वरच्या कचेरीत खेटे घालून जिताडा माशाची पिल्लं वाढवायच्या चार टाक्या मिळवल्या. अट एकच होती. पहिल्या वर्षीची पिल्लं जगवून दाखवायची. ती मेली, तर टाक्या दुसऱ्या गावाला जाणार.

टाक्या इवल्याशा पिल्लांनी गच्च भरल्या होत्या. पाण्यात हवा सोडणारा पंप तासभर थांबला, तरी ती गुदमरून मरायची. म्हणून बायका पाळीपाळीने टाकीवर बसत. जिची पाळी संपे, ती बांधावरून हाक मारी, "आलीस का गो?" पलीकडून "ओ" आला, की मगच ती जागा सोडी. अडीच महिने टाकी घटकाभरही एकटी राहिली नाही. पण बायकांना घरं होती, पोरं होती. त्या थकल्या.

शेवटी कुंदाताईंनी तालुक्याहून निनाद भोईरला बोलावलं. संगणकाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. टाकीशेजारच्या खोलीत एक सर्व्हर होता, म्हणजे रात्रंदिवस जागा राहणारा संगणक. पाण्यात प्राणवायू किती आहे, हे तो सतत मोजत असे. पण मोजलेलं कुणाला कळवायची सोय त्याच्यात नव्हती. ईमेल धाडणारा एक छोटा प्रोग्रॅम निनादने त्यात बसवायचा होता. प्राणवायू कमी झाला, की कुंदाताईंच्या फोनवर ईमेल जाणार आणि फोन वाजणार.

त्या सर्व्हरला ना चित्रं, ना माऊस. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून हुकूम सोडायचे. निनादची बोटं भराभर चालू लागली. दारात जोमीबाई उभी राहून बघत होती. अकराजणींत ती सगळ्यांत वयस्कर.

"मास्तर, तुमचा टीव्ही बिगडला वाटतं," ती म्हणाली. "नुसता काळोख दिसतोय."

निनाद हसला. बसवला जात असताना प्रोग्रॅमने एक प्रश्न विचारला: पत्रं बाहेर पाठवायची, की या यंत्रातल्या यंत्रातच ठेवायची? असे प्रश्न निनादने शंभरदा पाहिले होते. त्याने न वाचताच एक बटण दाबलं. पत्रं यंत्रातच ठेवायची, असं ठरून गेलं.

मग त्याने कुंदाताईंच्या नावाने चाचणीचं एक पत्र धाडलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. काळ्या पडद्यावर काम करणाऱ्यांची एक समजूत असते. यंत्र गप्प राहिलं म्हणजे काम फत्ते. तक्रार असेल तरच ते बोलतं.

"झालं," निनाद म्हणाला.

"पोचलं?"

"गप्प आहे ना ते? म्हणजे पोचलं."

"आमच्यात गप्प म्हंजे मानूस बांधावर नाय," जोमीबाई म्हणाली. "ताईला इचार की. कचेरीत मीटिंगला गेलीय, फोन बंद हाय तिचा. चारला सुटंल."

दोन वाजले होते. दोन तास कोण थांबणार? आणि विचारायचं म्हणजे आपल्याला खात्री नाही असं कबूल करायचं, तेही एका मीठ ओढणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून!

"मावशी, पोचलं म्हणतो ना मी! उद्यापासून पाळ्या बंद करा. खुशाल झोपा."

त्याच्या शब्दावर बायकांनी पाळ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी जोमीबाईच्या भाचीची हळद होती. भर दुपारी अकराही जणी मांडवात गेल्या. कुंदाताईंनी फोन मुठीत धरला होता. तो वाजला नाही, म्हणून त्या निश्चिंतपणे गाणी म्हणत राहिल्या. इकडे टाकीवर पंपाचा पट्टा तुटला.

पिल्लांना खाणं टाकायला जोमीबाई परत आली, तेव्हा चारही टाक्यांचं पाणी पांढरं दिसत होतं. पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. तिने ओंजळ भरून उचलली. एकही हललं नाही. तिच्या हाताची हळद तेवढी पाण्यात उतरली.

संध्याकाळी निनाद धावत आला. सर्व्हर जागाच होता. त्याच्या आत टपालाची एक पेटी होती. तिच्यात निनादने कधी डोकावलंच नव्हतं. आता त्याने ती उघडली. आत एक्केचाळीस पत्रं होती. पहिलं त्याचंच, चाचणीचं, 'बाहेर जाता येत नाही' असा शेरा घेऊन परत आलेलं. बाकीची चाळीस त्या दुपारची. दर दोन मिनिटांनी एक. 'प्राणवायू कमी. ताबडतोब या.' 'प्राणवायू कमी. ताबडतोब या.' निनादने चाळीसही वाचली. यंत्राने ऐंशी मिनिटं टाहो फोडला होता, आणि तो त्याच्याच पोटात राहिला होता.

इंटरनेट बंद पडलं होतं, असं सांगता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. पण समोर जोमीबाई उभी होती.

"चूक माझी आहे," निनाद म्हणाला. "मी ताईंना विचारलं नाही. दोन तास थांबलो असतो, तर कळलं असतं."

त्याला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. कुंदाताईंनी हातातला न वाजलेला फोन टाकीच्या काठावर ठेवून दिला.

"दोन तास," जोमीबाई म्हणाली. "आमी अडीच म्हयने बसलो रं."

निनाद पुन्हा पडद्यासमोर बसला. "मावशी, मी सगळं पुन्हा नीट बसवून देतो. आत्ता, या घटकेला."

"कुनासाठी?" जोमीबाईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही जणी मिठागरावर कामाला गेल्या.

तात्पर्य: निरोप पोचला का, हे ज्याला धाडला त्यालाच विचारावं. खात्री न करता दिलेला भरवसा देणाऱ्याला नव्हे, ठेवणाऱ्याला बुडवतो.