चिकाचा धोंडा

कोळदऱ्याच्या वेशीवर पुरुषभर उंचीचा एक काळा धोंडा आहे. तो वरपासून खालपर्यंत तडकलेला आहे, भेगेत हात जाईल इतका. पाहुणे आले की कुणीतरी हळदकुंकवाची पुडी काढतेच. मग शेजारच्या ओट्यावर बसलेल्या हौसाक्का तिथूनच ओरडतात, "ए बाई, हात मागं घे! देव न्हाई त्यो. लेकरांच्या तोंडचं पिऊन माजलाय!"

पाहुणे ओशाळतात. हौसाक्का त्यांना ओट्यावर बसवतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी हा धोंडा गुडघ्याएवढा होता म्हणे. त्या काळी गावाची रीत अशी, की बाळंतिणीच्या अंगावरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला पाजायचा नाही. तो जड असतो, बाधतो. सुईणीने तो वाटीत पिळायचा आणि सासूने नेऊन या धोंड्यावर ओतायचा. असे तीन दिवस. तोवर बाळाच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा.

असे सांगतात की, त्या चिकावर धोंड्याने बाळसे धरले. गावातली पोरे सुकत गेली आणि धोंडा कमरेला आला, मग खांद्याला आला. लोक म्हणाले, देव प्रसन्न आहे.

"देव वाढतोय म्हणं!" हौसाक्का अजूनही चिडतात. "पाळणं रिकामं होत होतं, ते एकालाबी दिसंना."

त्या गावात येसू नावाची एक सून होती. तिची दोन बाळे त्या बोळ्यावरच गेली होती. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, तेव्हा घरची म्हैस व्याली. रेडकू लांब खुंट्याला बांधले, सगळा चीक काढला आणि खरवस करून भावकीला जेवायला बोलावले. पोट सांभाळत येसूच वाढत होती. मागे रेडकू ओरडत होते. दुसऱ्या दिवशी ते मेले. पुढे काही दिवसांनी दुसरी म्हैस रानातच व्याली. माणसे पोहोचेपर्यंत तिचे रेडकू पोटभर प्यायले होते. ते आईच्या पुढे उड्या मारत घरी आले आणि येसूदेखत पुन्हा सडाला लागले.

येसूने चुलीपाशी सासूला विचारले, "आत्याबाई, म्हशीचा चीक तुम्ही वाटी चाटूनपुसून खाता, तो पचतो. मग माझा चीक माझ्या लेकराला कसा बाधतो?"

"म्हशीची बरोबरी करतीस? शिंगं फुटली व्हय तुला?" सासू म्हणाली. चुलीपाशी बसलेल्या शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या.

येसू उठली, ती थेट वेशीवर गेली. साऱ्या गावादेखत तिने धोंड्याला सांगितले, "यंदा माझ्याकडनं तुला थेंब मिळायचा नाही." गाव हादरले. धोंडा उपाशी राहिला तर तिसऱ्या दिवशी बाळ नेतो, असे सगळे मानत होते. खरे सांगायचे तर, येसूही मनातून तेच मानत होती.

ती बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण वाटी घेऊन आली, तशी येसूने बाळाला छातीशी धरून भिंतीकडे तोंड फिरवले. पण पाजायचे कसे, हे तिला कुणी कधी दाखवलेच नव्हते. ती नुसते टोक बाळाच्या ओठांत देई. बाळ ओढी, सुटे आणि आकांत करी.

"बघ, दूधच न्हाई तुला. दे इकडं," सुईण म्हणाली.

येसूच्या डोळ्यांसमोर ते रानातले रेडकू आले. कसा मोठा जबडा उघडून त्याने सड धरला होता! तिने बाळ पोटाशी घट्ट घेतले, त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग जवळ ओढले. आकांत थांबला.

तीन दिवस गाव वेशीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी धोंडा मोठा आवाज करून तडकला. तहानेने तडकला, असे सांगतात. सासूने ऊर बडवत घराकडे धाव घेतली. तिला वाटले, नात गेली. दार ढकलले, तर नात पिऊन झोपली होती. हनुवटीवर दूध ओघळलेले होते.

सासू उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "मीबी माझी चार लेकरं तिथं ओतली गं."

बाळंतपणात बाईचे कुणी ऐकत नाही, हे येसूला कळले होते. अंगात त्राण नसते आणि वाटी दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून तिने गावातल्या गरोदर पोरींना आधीच, सातवा लागला की, पाजायला शिकवायला सुरुवात केली.

आजकाल नर्सबाई सगळे सांगतात, मग ही सातव्या महिन्यात शिकवायची रीत अजून कशाला, असे एका पाहुणीने विचारले. हौसाक्का उसळल्या. "सांगती, गुणाची हाय ती. पर सांगती कुणाला? पोरीला. आन् आडवी येती कोण? सासू!"

आजही कोळदऱ्यात डोहाळजेवणाला आधी कापडाचे बाळ करून गरोदर बाईला पाजायला शिकवतात. कसे धरायचे, तोंड किती उघडू द्यायचे, सगळे. मग ती सासूकडे बघून म्हणते, "पहिला चीक माझ्या बाळाचा." सासूने "तुझ्याच बाळाचा" म्हटल्याशिवाय ओटी भरत नाहीत. परवा एक सासू अडून बसली. वाढलेली ताटे गार झाली, पण एकाही बाईने घास उचलला नाही. शेवटी सासू खाली बघून पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं," हौसाक्का म्हणाल्या.