पांढऱ्या मातीचे तीन हात

एका गावात एक भोळा बुधाजी होता. त्याच्या मातीच्या घराचा बाहेरचा गिलावा सुटला होता. सासऱ्यांनी निरोप धाडला, की रविवारी येतो. घर धड दिसलं नाही तर पावसाळाभर लेकीला माहेरी घेऊन जातो. बुधाजीचा जीव खालीवर झाला. बायको गेली तर भाकरी कोण थापणार?

हैबती गवंड्याने उपाय सांगितला. विकतचा रंग नको. पांढरी माती डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि भिंतीला तिचे तीन हात द्यायचे. मग भिंत पाणी पीत नाही.

बुधाजीने माती कालवली. तिच्यात पंजा बुडवला. भिंतीवर तीन ठसे उमटवले, अगदी ओळीत, आणि जेवायला येऊन बसला.

बायको होती कौतिका. तिने शांतपणे समजावलं. हात द्यायचा म्हणजे वरून खालपर्यंत माखायचं, तसूभर जागा सोडायची नाही.

बुधाजीने तसूभर सोडली नाही. भिंत माखली. खिडकी माखली. खुंटीवरचं लुगडं माखलं. भिंतीला टेकून शेळी रवंथ करत होती, तीही माखली.

शेळी धुता धुता कौतिका म्हणाली, "मधे येईल ते आधी काढून ठेवावं."

दुसऱ्या दिवशी दाराला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा होता. कडी मधे येत होती. बुधाजीने काढली. बिजागऱ्या मधे येत होत्या. त्याही काढल्या. दार त्याच्या अंगावर आलं.

कौतिकाने त्याला दाराखालून ओढून काढलं. म्हणाली, "हात देताना वस्तू हलू नये. आधी घट्ट बांधावी."

हेही बुधाजीने ध्यानात ठेवलं.

रविवारी तो भिंतीला शेवटचा हात देत होता, तोच सासऱ्यांची बैलगाडी दारात आली. म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते. कौतिका चुलीपाशी होती. तिने आतूनच सांगितलं, "अहो, बाबांना जरा हात द्या."

बुधाजी बादली घेऊन गेला. सासऱ्यांचं पागोटं काढून ठेवलं. चष्मा काढून ठेवला. कासऱ्याने त्यांना गाडीच्या दांडीला बांधलं. सासऱ्यांना वाटलं, पडू नये म्हणून जावई काळजी घेतोय. डोक्यावर गार माती आली, तेव्हा वाटलं, उन्हाचा उतारा असेल. ते डोळे मिटून बसले.

कौतिका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. गाडीत पांढरेशुभ्र बाबा. ती त्यांना सोडवायला धावली.

"हात लावू नको," बुधाजी म्हणाला, "ओले आहेत. अजून दोन हात राहिलेत."