शालनची करकरणारी चप्पल

"आक्का, डावी वाजती. उजवी का गप?"

शालनने नवी कोरी मर्दानी चप्पल तानाक्कांपुढे ठेवली.

कागलकडच्या त्या गल्लीत चपलेच्या तळाच्या दोन थरांमध्ये चिमूटभर बिया घालतात. चालताना चप्पल करकर वाजते. पण हा मान फक्त पुरुषांच्या चपलेला. बायकांची चप्पल गुमान चालते.

तानाक्कांनी उजवी कानाशी नेऊन दाबून पाहिली.

"बी घालायचीच इसरलीस. चित्त कुठं हुतं तुझं? कुणाचा जोडा ह्यो?"

"भाऊजींचा. उद्या कोल्हापुरात बक्षीस हाय. यंदाची उद्योजिका म्हणून."

"उद्योजिका... भाऊजी?"

शालनने मान खाली घातली.

"बक्षीस मला हाय. घ्यायला त्ये जात्यात."

वीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर तानाक्कांनी तिला कातडी वेणी विणायला शिकवलं होतं. आता तिच्या कारखान्यात चाळीस बाया होत्या, माल जर्मनीला जात होता. गेल्या खेपेचं बक्षीसही दिरानेच घेतलं. पेपरात फोटो त्याचा, नावही त्याचंच. माणूस वाईट नव्हता, तिनेच त्याला पुढे केलं होतं. तरी ते कात्रण तिने गादीखाली दडवून ठेवलं. तिला फार लागलं होतं, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तू का जात न्हाईस?"

"दातखिळी बसती, आक्का. एवढी माणसं बघत्यात..."

तानाक्कांनी कातडं कापायची रापी उचलली. त्यांनी डाव्या चपलेची शिवण कापली आणि आतल्या बिया तळहातावर घेतल्या.

"पायातली काढ."

"माझी? तुमी हात नका लावू, आक्का."

"जल्मभर जगाच्या पायातली हातात घेतली. तुझीच जड हुतीया व्हय?"

शालनच्या चपलेचे दोन्ही तळ उसवले गेले. बिया निम्म्या निम्म्या आत गेल्या. तानाक्कांनी शिवण पुन्हा पक्की केली.

"आता गल्लीच्या टोकापातूर जाऊन ये."

करकर... करकर...

शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यांवर वेण्या विणत बसलेल्या बायांनी आवाज ऐकला आणि वर न बघताच, सवयीने डोक्यावर पदर ओढले. एक म्हातारी तर हातातलं काम टाकून उठून उभी राहिली.

मग कुणीतरी मान वर केली.

"अगं बया! ही तर शालन!"

सगळी गल्ली खदखदून हसली. शालनही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचा छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. परत येताना तिने पावलं मुद्दाम जोरात टाकली.

"समद्यांनी बघितलं, आक्का."

"दातखिळी?"

"न्हाई बसली."

"मग उद्या?"

"मीच जाणार."

एवढं बोलून ती वळली, आणि तिला तो उसवलेला मर्दानी जोडा दिसला. ती थबकली.

"पर भाऊजींचं काय? त्यांचा जोडा तर मुकाच झाला..."

तानाक्कांनी रापी पदराला पुसली.

"शिवून दे तसाच. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला पायताण वाजावं लागत न्हाई."