मधली भिंत

पतसंस्थेच्या पायऱ्या झिजवून वत्सलाबाई चौगुले पार वैतागल्या होत्या. नवऱ्याच्या आजारपणात घराचे हप्ते थकले. हप्ता लहान करून द्या, म्हणाल्या. निदान घर आमचं आम्हाला विकायला सहा महिने तरी द्या, म्हणाल्या. दर खेपेला एकच उत्तर, "नियमात बसत नाही." आणि आज चेअरमन इंगवलेसाहेब शिपायाला घेऊन लिलावाची नोटीस लावायला दारात हजर! लांबून यायचं नव्हतंच म्हणा, शेजारचं जोडघर त्यांचंच होतं.

साहेबांनी नोटीस अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाचली. "किंमत आठ लाख. मधली भिंत तडकलेली, बोळ अरुंद, पाणी दिवसाआड."

"कर्ज देताना हेच घर वीस लाखांचं होतं की हो! आता यातला शब्द न् शब्द खरा?"

"शब्द न् शब्द! खाली माझी सही आहे."

"मग लावा. चांगली फाटकाजवळ लावा," बाई म्हणाल्या. "मधली भिंत तुमचीही, बोळ तोच, नळ तोच. उद्या तुमचं घर पंचवीस लाखांना बघायला गिऱ्हाईक येतंय, वहिनींनी कालच सांगितलं. जाता-येता वाचतील बिचारे."

शिपायाने खळ लावलेला कागद साहेबांनी झडप घालून काढून घेतला.

"किती महिने म्हणालात? सहा?"

"ते कालपर्यंत. आता वर्ष," बाई म्हणाल्या. "आणि नियमात तुम्हीच बसवा."